भाचीला दिलेलं नाव

मंगळवार, ३ तारीख

एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत बसून मी दुसऱ्यांची नावं लिहिली. आता निवृत्त झालोय, तर स्वतःचं काहीतरी लिहावं म्हणून ही वही आणली. विषय पक्का आहे: माणसाचं नाव त्याला त्याच्या धंद्याकडे ओढून नेतं. लोक हसतात. हसू देत. माझ्या रजिस्टरात ज्या मुलाच्या आडनावात पाणी होतं, तो आज शहराच्या पाणीखात्यात मोठा साहेब आहे. जिच्या नावाचा अर्थ उजेड, ती दिव्यांचं दुकान चालवते. अशी अठ्ठेचाळीस उदाहरणं मी टिपून ठेवली आहेत. जिच्या नावाचा अर्थ शांतता, ती मुलगी भोंगे तयार करणाऱ्या कारखान्यात लागली, पण ते मी टिपलेलं नाही. एखाद्या अपवादाला किती महत्त्व द्यायचं?

शिवाय घरचाच पुरावा आहे. मी ताईच्या घरी वरच्या खोलीत राहतो, त्याला पंचवीस वर्षं झाली. तिच्या तिन्ही मुलांना लाडाची नावं मीच ठेवली. थोरल्याला 'डॉक्टर' म्हणायचो, तो गुरांचा डॉक्टर झाला. मधलीला 'मास्तरीण', ती शाळेत शिकवते. दोघंही आपापल्या संसारात आहेत. धाकटी घरीच असते. ती 'वेंधळी'. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, मीच माझ्या हाताने लिहिलंय, पण ते आठवायला मला जरा थांबावं लागतं.

ती चार वर्षांची होती. ताईचा पाण्याचा मोठा पांढरा जग जमिनीवर फुटला आणि तुकड्यांच्या मधोमध ही बसलेली, तोंडाचा आ करून. तिथे सगळ्यात आधी मीच पोचलो. पाणी इतकं उडालं होतं की माझ्या कोटाची बाहीसुद्धा कोपरापर्यंत भिजली. मी म्हणालो, "काय ही वेंधळी पोर!" आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे तिने दिलेली बातमी. एकोणतीस वर्षांची घोडी, आणि म्हणते, फुटलेली चिनी मातीची भांडी जोडायचं काम शिकणार. वेंधळी! आणि चिनी मातीची भांडी! मी इतका हसलो की हातातला चहा या पानावर सांडला. फडकं आणून तिने पान टिपून दिलं.

गुरुवार, ५ तारीख

तिला नोकऱ्या लावताना आम्ही किती विचार केला होता. पहिली कापडाच्या दुकानात. मग टपालाच्या वर्गवारीत. मग गाद्यांच्या गोदामात, जिथे हत्ती पडला तरी काही फुटणार नाही. अशा एकूण सात जागा मीच शोधल्या. सातही नोकऱ्यांत तिचं मन रमलं नाही. "मामा, गादीकडे बघून काय विचार करायचा?" असं एकदा मला म्हणाली होती. मी म्हटलं, "विचार कशाला करायचा? झोपायचं!"

आज तिच्याबरोबर ती जागा बघायला गेलो. बघायला म्हणजे, माफ करा, पोरीचा नाद मोडायला मिळतो का हे पाहायला.

सायकलींच्या दुकानावर पहिला मजला. जिना अरुंद आहे, आणि त्याच्या तोंडाशी छत्र्यांचा स्टँड इतक्या चुकीच्या जागी ठेवलाय की कोणीही त्याला धडकेल. मी धडकलो. वर एक लांबलचक खोली, एकाच बाजूला खिडक्या, टेबलांवर जाड लोकर अंथरलेली. दोन कारागीर खाली माना घालून बसलेले. मालकीणबाई सत्तरीच्या, उंच, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात. मीही तेच म्हणू लागलो.

बाईंनी मला एक बशी दिली आणि सांगितलं, "डोळे मिटा आणि यावरून नख फिरवा." फिरवलं. गुळगुळीत. "ही नऊ तुकड्यांत होती," बाई म्हणाल्या. "नख अडलं तर जोड उघडायचा आणि पहिल्यापासून करायचं. आमच्याकडे दुसरा नियम नाही." खरं सांगतो, अंगावर काटा आला. बशी परत देताना हातातून निसटत होती, पण भाचीने खालून झेलली. ती माझ्या शेजारीच उभी होती, का कोण जाणे.

बाईंना आता दिसायला त्रास होतो. या वर्षी त्या एकच माणूस घेणार, आणि हाच शेवटचा. त्यानंतर नव्यांना शिकवणार नाहीत. परीक्षा अशी: प्रत्येकाला एक फुटकं भांडं मिळतं. ते आपल्या घरी नेऊन जोडायचं आणि चोवीस तारखेला आणून द्यायचं. मी विचारलं, घरी कशाला? बाई म्हणाल्या, "घरात माणसं असतात, गडबड असते. तिथे ज्याचा हात स्थिर राहिला, त्याची मला इथे काळजी नाही."

वेंधळीला निळ्या काठाचं मोठं पसरट भांडं मिळालं. त्रेचाळीस तुकडे, वाळू घातलेल्या खोक्यात. घरापर्यंत खोकं मी धरतो म्हटलं, तर तिने दिलं नाही.

रविवार, ८ तारीख

तीन दिवस झाले, तिने एकही तुकडा चिकटवलेला नाही. नुसती बघत बसते. तुकडे एका रांगेत मांडते, त्यांच्या कडा मऊ ब्रशने साफ करते, पुन्हा बघते. मी विचारलं, "मुहूर्त बघतेस का?"

"क्रम बघतेय मामा," ती म्हणाली. "चुकीच्या क्रमाने गेलं तर शेवटचा तुकडा बसतच नाही. त्याची जागा असते, पण आत शिरायला वाट राहत नाही. मग सगळं उघडावं लागतं."

"आणि आधीच्या सात नोकऱ्या?" मी तिला चिडवलं. "तोही क्रमच चुकला का?"

ती माझ्याकडे बघून हसली. "त्या क्रमात मी कधी नव्हतेच." मला उत्तर नीट कळलं नाही, पण ऐकायला छान वाटलं म्हणून लिहून ठेवतो.

गुरुवार, १२ तारीख

आजचा दिवस लिहिण्यासारखा आहे.

सकाळी माझ्या टेबलावरच्या पेनदाणीवर सहज नख फिरवून पाहिलं. हिरवी, चिनी मातीची, नोकरीला लागलो तेव्हा आईने दिलेली. अखंड वस्तू कशी लागते ते कळावं, एवढाच हेतू. नख कुठेच अडलं नाही. पण खिडकीतून ऊन तिरपं आलं आणि मला रेषा दिसल्या. केसाइतक्या बारीक. मोजल्या. पेनदाणी पाच तुकड्यांत होती.

मग मी घरभर हिंडलो. साबणाची बशी, ताईची फळांची थाळी, दिवाणखान्यातल्या दिव्याची बैठक, फुलदाण्या दोन, माझं दाढीचं भांडं. उन्हात धरून एकेक बघितलं. सतरा वस्तू! सतरा वस्तू कधीतरी फुटल्या, जोडल्या गेल्या, आणि या घरात कोणाला पत्ता नाही. दाढीच्या भांड्यात मी रोज सकाळी पाणी घेतो. एक थेंब गळत नाही.

भाचीच्या खोलीत गेलो. तिने हातातलं काम थांबवलं. "कधीपासून?" मी विचारलं. "आठवीपासून," ती म्हणाली.

"अगं पण, एवढं सगळं तू फोडलंस?"

ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाली, "मामा, घरात काही फुटलं की आधी माझं नाव निघायचं. मी शाळेच्या सहलीला गेले होते तेव्हाही निघालं होतं. मग वाटलं, नाव निघायच्या आत जोडून ठेवावं. पहिल्या दोन वेळा वाईट झालं. मग जमायला लागलं. मग आवडायला लागलं."

मी तिचे हात पाहिले. एकोणतीस वर्षं पाहतोय, पण आज पाहिले. नखं बारीक कापलेली, बोटांच्या टोकांना गमाचे पांढरट डाग, आणि तुकडा उचलताना तो हात जरासुद्धा थरथरत नाही. श्वाससुद्धा ती तुकडा बसल्यावर सोडते. मला फार अभिमान वाटला. असं काहीतरी करणारं माणूस आपल्या घरात आहे आणि आपण तिला गाद्यांच्या गोदामात बसवलं, याची लाजही वाटली.

एक कोडं मात्र सुटत नाही. तिने फोडलं नाही, तर फोडलं कोणी? ताईची नजर अलीकडे कमी झाली आहे. तिला एकदा हळूच सांगायला हवं.

सोमवार, १६ तारीख

एकतीस तुकडे बसले. भांडं आता भांड्यासारखं दिसतं. चष्मा सापडत नाही, म्हणून आज थोडक्यात.

(चष्मा सापडला. खुर्चीवर होता. बसल्यावर कळलं. एक काडी गेली. कोणी वस्तू जागेवर ठेवतच नाही.)

शुक्रवार, २० तारीख

शेवटचा तुकडा आज दुपारी बसला. तिने मला आणि ताईला खास बोलावून घेतलं. तो अंगठ्याच्या नखाएवढा होता, अगदी मध्यावर. तिने तो धरला, थोडा तिरका केला आणि सोडला. तो आपणहून जागेवर गेला. ताईने तोंडाला पदर लावला. मी टाळी वाजवणार होतो, तेवढ्यात तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मामा, आत्ता नको."

आता फक्त काठावरचा निळा रंग जुळवायचा राहिलाय. चोवीस तारखेला द्यायचं. मला तर वाटतं, बाईंनी दुसऱ्या कोणाचं भांडं बघूसुद्धा नये.

रविवार, २२ तारीख

भांडं फुटलं.

ताई जिना चढून आली, तुकडे बघितले आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "काय गं वेंधळे! आजच? आजच फोडायचं होतं?" भाची दारात उभी होती. ती बाहेरून आली होती, हातात रंगाची पुडी होती. तिने आधी जमिनीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो आई. माझ्याच हातून."

मी काहीच बोललो नाही.

सोमवार, २३ तारीख

काल खरं लिहिलं नाही. आज लिहितो. एकतीस वर्षं रजिस्टरात खाडाखोड केली नाही, तेव्हा इथे तरी करू नये.

काल दुपारी ती रंग आणायला गेली होती. भांडं तिच्या खोलीत टेबलावर होतं. मला वाटलं, ऊन आलंय, खिडकीशी नेऊन जरा बघावं. नुसतं कौतुकाने. मी ते उचललं, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पडदा बाजूला सारला. पडद्याची दोरी भांड्याभोवती कशी गेली, देव जाणे. मी ओढली.

आवाज झाल्यावर मी पहिली गोष्ट काय केली? दारापर्यंत आलो आणि तिथे उभा राहिलो, म्हणजे जणू आवाज ऐकून आत्ताच आलोय. हे मी ठरवून केलं नाही. पाय आपोआप तिकडे गेले. याचंच मला जास्त भय वाटतं. पायांना ती वाट ठाऊक होती.

सकाळी ताईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. म्हणाली, "मला माहीत आहे."

"कसं?"

"तुला मी लहानपणापासून ओळखते ना." मग म्हणाली, "तो पांढरा जगसुद्धा तुझ्याच बाहीत अडकून पडला होता. मी चुलीपाशी उभी होते. बघितलं होतं."

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललीस? काल तरी तिच्यावर का ओरडलीस?"

ताई म्हणाली, "तुझी बायको तुला सोडून गेली होती. तू एक ट्रंक घेऊन माझ्या दारात आला होतास. तेव्हा तूच इतका मोडलेला होतास, तुला आणखी काय बोलायचं? वाटलं, लेकरू लहान आहे, विसरेल." तिने शेंगेचा देठ मोडला. "आणि मग सवय लागली रे. कालही तोंडातून तेच गेलं. तिने आपल्याला फार सांभाळलं. दोघांनाही."

मी वर आलो. पेनदाणीकडे बघत बसलो. माझ्या डाव्या कोपराजवळच ती असते.

मग तिच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "मी फोडलं." ती तुकडे वाळूत रचत होती. "हो," ती म्हणाली. "दोरी अजून तुकड्याला गुंडाळलेली होती मामा." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "उद्या आहे तसं नेते," ती म्हणाली. "एका दिवसात होण्यातलं काम नाही." मी म्हणालो, मी येणार. ती म्हणाली, नको. मी म्हणालो, येणारच.

मंगळवार, २४ तारीख

घरी येऊन आधी वही उघडली. जसं घडलं तसं लिहितो.

बाकीच्या उमेदवारांची भांडी टेबलावर मांडलेली होती. सगळी सुरेख, चकचकीत. आमचं खोकं वाळूचं. बाईंनी झाकण काढलं आणि आत बघत राहिल्या. कारागिरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फुटलं कसं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या—" भाचीने सुरुवात केली.

"माझ्या हातून," मी म्हणालो. आवाज गरजेपेक्षा मोठा आला. "बाई, हिने ते वीस तारखेलाच जोडून पूर्ण केलं होतं. मी पाहिलंय. मी ते तिला न विचारता उचललं आणि पाडलं. आणि सगळ्यांनी तिला बोल लावला तेव्हा मी गप्प बसलो. ही पहिली वेळ नाही. शिक्षा करायची तर मला करा. मी उद्यापासून इथला जिना झाडीन. नाही, झाडायला नको, काहीतरी पाडीन. पण तिचं नाव खोडू नका."

बाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी एक मोठा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि नख फिरवलं. मग दुसरा. मग तिसरा. खोलीत कोणी हलत नव्हतं. अकरा तुकडे झाले होते, अकराही त्यांनी तसेच तपासले. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग त्यांनी थोरल्या कारागिराला बोलावलं आणि म्हणाल्या, "हे बघ. जोड कुठे सुटलाय ते मला दाखव."

त्याने भिंग लावलं. बराच वेळ शोधलं. "कुठेच नाही बाई," तो म्हणाला.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "एकही जोड सुटलेला नाही. भांडं जिथे आधी कधी फुटलं नव्हतं, तिथे फुटलंय." त्यांनी तुकडा वाळूत ठेवला, मुलाला झोपवावं तसा. "बाकीची भांडी छान आहेत. पण ती पडली तर काय होईल, ते मला माहीत नाही. हिचं माहीत आहे. उद्या सकाळी ये. आधी हे पुन्हा पूर्ण कर."

मी तिथेच स्टुलावर बसलो. म्हणजे बसायला गेलो. स्टूल थोडं पुढे होतं, पण धाकट्या कारागिराने मला धरलं. भाची रडत होती आणि हसतही होती. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. किती सुंदर दिसते आमची पोर, किती शहाणी आहे, आणि हे सगळं तिचं तिने केलं. आम्ही फक्त फोडत गेलो.

बाईंनी नोंदवही काढली. "इथे सगळे हाकेच्या नावाने ओळखतात. प्रत्येक भांड्याच्या तळाशी आम्ही ते बारीक अक्षरात लिहितो. तुला घरी काय म्हणतात?"

"वेंधळी," भाची म्हणाली.

दोघं कारागीर मोठ्याने हसले. बाईसुद्धा हसल्या. मी उठून टेबलापाशी गेलो. "बाई, ते लिहू नका," मी म्हणालो. "ते नाव तिचं नाहीच. ते माझं आहे. पंचवीस वर्षं चुकून तिच्याकडे राहिलं. तिचं खरं नाव मी सांगतो, मला येतं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"लिहा बाई," ती म्हणाली. मग तिने माझा हात धरला, घट्ट, परवा टाळी वाजवताना धरला होता त्याहून घट्ट. "मामा, तू दिलंस ना मला ते? मग आता परत मागू नकोस. त्यानेच तर मला इथवर ओढून आणलं."

बाईंनी वळणदार अक्षरात ते लिहिलं, आणि मी, नावं लिहिण्यात जन्म घालवलेला माणूस, नुसता बघत उभा राहिलो.